वहीतून गळालेली ओळ

जळगावच्या एका डाळ मिलच्या कार्यालयात मी गेली नऊ वर्षे हिशेब लिहिते. तुरीची किती पोती आली, डाळ किती उतरली, चुनी कोणत्या भावाने गेली, हमालीचे किती द्यायचे राहिले, हे सगळे मला विचारले तर मी वही न उघडता सांगू शकते. घरच्या पैशांची कीर्द मात्र मी लग्नानंतरच्या सहा वर्षांत कधी घातली नव्हती. माझा पगार आणि यांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाची मिळकत मिळून महिना निघत होता आणि थोडे मागेही पडत होते. ज्या घरात तोंडमिळवणीची वेळ येत नाही, त्या घरात हिशेब लिहायचे कोणाला सुचत नाही. आमच्या घरात ती वही आली ती माझ्या बाळंतपणाच्या रजेमुळे. तिने मला जे दाखवले ते नऊ वर्षांच्या नोकरीत मला दिसले नव्हते, म्हणून हे लिहिते आहे.

माझी रजा 1 जानेवारी 2024 रोजी सुरू झाली. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस, आणि 2024 हे लीप वर्ष असल्यामुळे 1 जानेवारी ते 30 जून हे बरोबर 182 दिवस भरत होते. हा मेळ पाहून मला फार समाधान वाटले होते. त्यापुढचे तीन महिने बिनपगारी रजा घ्यायची, हे आम्ही आधीच ठरवले होते. बाळाला सहा महिने अंगावरच पाजायचे होते, सासूबाईंच्या गुडघ्यांना दिवसभर बाळ झेपणार नव्हते, आणि पन्नासाहून कमी माणसे असलेल्या आमच्या मिलवर पाळणाघराची सक्ती नव्हती. पगार बंद होणार ते तीन महिने मी डोळ्यांसमोर ठेवले होते. पहिल्याच महिन्यात पगार निम्म्यावर येईल, याचा विचार मात्र मी केला नव्हता.

माझा एकूण पगार 28,000 रुपये होता: मूळ वेतन 16,000, घरभाडे भत्ता 4,800, विशेष भत्ता 4,000 आणि प्रवासभत्ता 3,200. भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर वजा जाता 25,880 हातात पडत. जानेवारीचा पगार जमा झाल्याचा संदेश आला तेव्हा मी माहेरी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. रक्कम होती 14,080. मिलने मला फक्त मूळ वेतन दिले होते. मी फोन केला, तर माझ्या जागी बसलेल्या मुलाने सांगितले की कामावर न येणाऱ्याला भत्ते कशाचे, असे शेठ म्हणाले. आमच्या कार्यालयात बाळंतपणाची रजा घेणारी मी पहिलीच बाई होते. शेठजींनी मुद्दाम काही केले, असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही, कारण त्यांच्यासमोर याआधी हा प्रश्नच कधी आला नव्हता. परंतु ज्याला माहीत नाही त्याने चुकवले काय आणि ज्याला माहीत आहे त्याने चुकवले काय, माझ्या खात्यावर तेवढेच कमी आले.

तेव्हा लागू असलेल्या त्या मातृत्व लाभ कायद्यात वेतन या शब्दाची व्याख्या दिलेली होती. रोखीने मिळणारे भत्ते, त्यात महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ताही, वेतनात धरायचे होते. जादा कामाचे पैसे आणि इतर काही रकमा धरायच्या नव्हत्या. रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांत जे रोजचे सरासरी वेतन पडत होते, त्या दराने रजेचे पैसे द्यायचे होते. प्रसूतीपूर्वीच्या काळाची रक्कम आगाऊ आणि उरलेली रक्कम बाळ जन्मल्याचा पुरावा दिल्यावर 48 तासांत द्यायची, असेही त्यात होते. प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीनंतरची वैद्यकीय सोय मालकाने स्वतः केलेली नसेल, तर 3,500 रुपयांचा वैद्यकीय बोनस वेगळा. मी हे सगळे एका फुलस्केप कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून काढले, खाली आकडे मांडले आणि अर्ज पाठवला. त्या अर्जात मी विनंती हा शब्द तीनदा लिहिला होता आणि पाठवण्याआधी तिन्ही ठिकाणचा खोडला. जे माझे आहे ते मागताना विनवणी केली की ते उपकारासारखे मिळते, आणि उपकाराने मिळालेल्या पैशाची आठवण पुढे अनेक वर्षे करून दिली जाते. दोन स्मरणपत्रे गेली. मेच्या पगारात घरभाडे आणि विशेष भत्ता जोडून मिळू लागला, मागच्या चार महिन्यांची 35,200 रुपये थकबाकी मिळाली आणि बोनसही मिळाला. प्रवासभत्ता मिळाला नाही. त्यावर मी पुढे लढले नाही, कारण रात्री तीन-तीनदा उठून दिवसा पत्रे लिहायचे त्राण माझ्यात उरले नव्हते.

वही मी जानेवारीतच, त्या कमी पगाराच्या दिवशीच सुरू केली. माझे माहेर रावेर तालुक्यात, तापीकाठी आहे. वडिलांची केळीची बाग आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत, आणि त्या रीतीतला जिव्हाळा मी भरभरून उपभोगला आहे. तरी वही हातात आल्यावर मला पहिल्यांदा दिसले की माहेरचे बाळंतपण कोणाच्याच जमाखर्चात नसते. सासरच्या खर्चात ते नसते, कारण मुलगी तिकडे गेलेली असते, आणि माहेरच्या खर्चात नसते, कारण मुलीचा हिशेब ठेवायचा नसतो. आईने डिंकाचे लाडू केले त्या दिवशी मी चुलीशेजारी बसून एकेका जिनसाची किंमत विचारत होते. गावरान तूप 3 किलो 2,100, बदाम 800, धावड्याचा डिंक 700, खोबरे 440, खारीक 400, गोडंबी 350, गूळ 150, खसखस, सुंठ आणि जायफळ मिळून 260. एकूण 5,200 रुपये. आई परातीत डिंकाच्या लाह्या चुरत होती, तिचा हात थांबला आणि ती म्हणाली, “माहेरच्या मिठाचा कोणी हिशेब ठेवते का, बाई?” तिला वाईट वाटले होते. मी तिला सांगितले की हा हिशेब परत करण्यासाठी नाही, माझ्यासाठी किती गेले हे कुठेतरी लिहिलेले असावे म्हणून आहे. मागच्या केळीच्या कटाईचे पैसे व्यापाऱ्याकडून यायचे बाकी होते आणि लाडवांचे तूप तिने शेजारच्या काकूंकडून उधारीवर आणले होते. हे मला तिने कधी सांगितले नसते. तुपाची किंमत तिला पटकन आठवली नाही, म्हणून कळले.

9 फेब्रुवारीला भुसावळच्या एका खाजगी रुग्णालयात माझे सिझेरियन झाले आणि मुलगी झाली. बिल 58,000 रुपये झाले. यासाठी दोन वर्षांपासून बँकेत ठेवलेली 25,000 ची ठेव मोडली आणि उरलेले 33,000 दिरांकडून उसने घेतले. मेमध्ये आलेली थकबाकी जवळजवळ सगळी ते फेडण्यातच गेली. माझी एक चुलत जाऊ चोपडा तालुक्यात राहते आणि स्वतःच्या चार बिघ्यांशिवाय दुसऱ्यांच्या शेतातही कापूस वेचायला जाते. तिचे सिझेरियन त्याच महिन्यात सरकारी रुग्णालयात झाले आणि घरच्यांचा चहा-नाश्ता सोडता तिला खर्च आला नाही. सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियनसुद्धा, पूर्ण विनामूल्य आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून ही सोय आहे. आम्ही तिकडे जायचा विचारही केला नव्हता, याचे मला आता वाईट वाटते. पण तिच्या बाजूचे दुसरे पानही लिहिले पाहिजे. तिला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्याचे 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळायचे होते आणि त्याव्यतिरिक्त रजा म्हणून काहीही नव्हते. सातव्या महिन्यापर्यंत ती कपाशीच्या ओळीत वाकत होती आणि बाळ अडीच महिन्यांचे झाल्यावर बांधावरच्या लिंबाला झोळी बांधून ती निंदणीला गेली. माझा पगार कमी झाला, असे मी म्हणते तेव्हा ती झोळी मला आठवते. तक्रार माझी खरी आहे, परंतु खानदेशातल्या बहुतेक बायांच्या वाट्याला ती तक्रार करण्याइतकेही काही येत नाही.

एप्रिलच्या मध्याला मी जळगावला परतले. ऊन तापले होते आणि आमच्याकडे उन्हाळा म्हणजे यांच्या दुकानाचा हंगाम. विहिरींतल्या पाणबुडी मोटारी जळतात, कूलरचे पंप बंद पडतात, आणि एप्रिल-मेमध्ये दुकानात मोटारी रांगेने पडलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत दुकान महिन्याला 35,000 पर्यंत देते. पाऊस पडला की शेतातल्या मोटारी थांबतात आणि तेच दुकान 17,000 वर येते. म्हणजे माझा पगार ज्या तीन महिन्यांत पूर्ण बंद राहणार होता, तेच तीन महिने यांच्या मंदीचे होते. रजेची आखणी करताना मी माझे 182 दिवस मोजले, पण दुकानाचा पावसाळा मोजला नव्हता. वही लिहायला लागल्यावर हे एका ओळीत दिसले आणि मेमध्येच आम्ही हात आखडला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले नाही, बारसे घरातल्या घरात केले, दुकानासाठी तांब्याची तार भरून ठेवली, आणि हे सगळे होऊन 26,000 रुपये वेगळ्या खात्यात टाकले.

लसीकरण हा एक विषय असा होता की ज्यावर घरात मतभेद झाले. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशी खाजगीत घेतल्या तर दर खेपेला काही हजार लागतात. पेंटाव्हॅलंट, रोटा, पोलिओ आणि न्यूमोकोकल या लशी सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. माझ्या नणंदेला वाटत होते की लेकराच्या बाबतीत काटकसर नको. आम्ही बालरोगतज्ज्ञांना विचारले. त्यांनी सांगितले की सरकारी लस निःशंकपणे द्या, एक-दोन जास्तीच्या लशींचे नंतर पाहू. महापालिकेच्या दवाखान्यातल्या परिचारिकेने माझ्या मुलीला ज्या हळुवारपणे हातात घेतले, ते मी विसरणार नाही. त्या रात्री मुलीला थोडा ताप आला, आणि तो खाजगीतल्या लशीनेही येतो, हे मी नणंदेला फोनवर सांगितले.

जुलै आला. घरकर्जाचा हप्ता 11,400, किराणा-भाजी 7,500, दूध 3,600, दिवाबत्ती, गॅस, फोन, पेट्रोल, विम्यासाठी बाजूला काढायचे, सासूबाईंची औषधे 1,300, माझी 2,000 ची भिशी, बाळाचे किरकोळ, आणि सगळे मिळून 34,700 लागणार होते. जमेला 17,000. रोज रात्री बाळ झोपल्यावर मी वही उघडत असे आणि कुठून काय काढता येईल ते पाहत असे. आमच्या गल्लीतल्या बारा जणींची भिशी आहे; दर महिन्याला चिठ्ठी निघते आणि जिची निघेल तिला 24,000 मिळतात. चिठ्ठी न काढता ऑगस्टचा नंबर मला द्याल का, हे विचारायला मी दोन आठवडे घेतले. नऊ वर्षे दुसऱ्यांचे पैसे सांभाळलेल्या बाईची स्वतःच्याच पैशांचा नंबर आधी मागताना जीभ अडखळत होती. विचारले तेव्हा सगळ्यांत वयस्कर काकू म्हणाल्या की भिशी असते कशाला, आणि विषय तिथेच संपला. बिनपगारी रजा सुरू झाल्यावर ओळखीच्या दोन दुकानदारांचे जीएसटीचे विवरणपत्र घरी बसून भरायचे कामही मी घेतले. त्याचे महिन्याला 1,000 येत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या श्रावणातल्या सणाच्या, आदल्या रविवारी, बाहेर पावसाची झड लागली होती आणि दुकान बंद होते. कानबाईच्या रोटांसाठी आमच्या वाट्याचे किती द्यायचे, हे पाहायला यांनी वही मागितली. मुलगी यांच्या मांडीवर होती. यांनी जूनचे पान पाहिले, जुलैचे पाहिले, पुन्हा जूनचे उलटले आणि विचारले, “तुझ्या गोळ्यांची ओळ कुठे गेली?” जूनमध्ये ‘कॅल्शियम, लोह 380’ अशी ओळ होती. जुलैमध्ये ती नव्हती. दुधाच्या ओळीतही 3,600 चे 2,700 झाले होते, आणि ते अर्धा लिटर माझ्या वाट्याचे होते. डॉक्टरांनी प्रसूतीनंतर सहा महिने या गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या होत्या. मी काय उत्तर दिले ते मला नीट आठवत नाही. बरे वाटते आहे, असे काहीतरी बोलले असेन. खरे असे होते की मी काही ठरवून केलेच नव्हते. कमी करायचे म्हटल्यावर माझा हात आपोआप त्या ओळीकडे गेला होता. यांच्या मोबाइलचा रिचार्ज, दुकानातला दिवसातून चार वेळचा चहा, नणंदेच्या मुलाला वाढदिवसाला दिलेले 1,100, या सगळ्या ओळी जिथल्या तिथे होत्या. ज्या शरीराने नुकतेच एक मूल जन्माला घातले होते आणि दुसऱ्या कोणालाही करता येणार नाही असे काम दर दोन तासांनी करत होते, नेमके त्याच्याच खर्चाला मी कात्री लावली होती.

रजेतल्या कमी पगाराविषयी मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. पगार कमी होतो तो बाईच्या नावावर, म्हणून घरातल्या सगळ्यांना, आणि सर्वांआधी तिला स्वतःला, असे वाटते की ती तूट तिची आहे आणि तिनेच ती भरून काढायची आहे. कोणी तसे बोलत नाही. आमच्या घरात तर कधीच कोणी बोलले नाही. बोलले गेले असते तर मी उत्तर दिले असते, कारण शेठजींना मी दिलेच होते. पोटाला चिमटा काढणे हा वाक्प्रचार आपण कौतुकाने वापरतो, परंतु ते पोट नेहमी कोणाचे असते, हे विचारत नाही. मूल दोघांचे, घर सगळ्यांचे, तर तूटही सगळ्यांवर सारखी पडली पाहिजे, आणि ती कोणावर किती पडली हे लिहिल्याशिवाय दिसत नाही. त्या संध्याकाळी यांनी स्वतः पेन घेतले, ऑगस्टच्या पानावर सगळ्यांत वर ‘कॅल्शियम, लोह 380’ आणि ‘दूध 3,600’ लिहिले, आणि मग आम्ही उरलेल्या ओळी एकेक करून वाचल्या. दर रविवारी वही दोघांनी मिळून वाचायची, असे त्या दिवशी ठरले.

एक नोंद वहीत नसते, तीही सांगते. बिनपगारी तीन महिन्यांत भविष्य निर्वाह निधीत काही जमा झाले नाही: माझे दरमहा 1,920 आणि मिलचे तेवढेच, एकूण 11,520 रुपये. हातात येणाऱ्या पगारातली नऊ महिन्यांची तूट सुमारे 95,500 निघाली. ही तूट घरातल्या सगळ्यांना कळली होती. निधीतले हे 11,520 मात्र वीस-पंचवीस वर्षांनी व्याजासकट कमी पडतील आणि ते माझ्या एकटीच्या म्हातारपणाला कमी पडतील.

म्हातारपणाच्या पैशांविषयी आमच्या घरात एक जुनी जखम आहे. सासूबाईंनी शिवणकाम करून जमवलेले 80,000 रुपये एका पतसंस्थेत ठेवले होते आणि ते बुडाल्यात जमा आहेत. जळगाव जिल्ह्यात अशी घरे इतकी आहेत की कोणी कोणाला नवलाने विचारत नाही. बँकेतल्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हा फरक तेव्हा त्यांना कोणी सांगितला नाही. तेव्हापासून सासूबाई त्या पैशांविषयी बोलत नाहीत. त्यांना काही लागले तर त्या मागत नाहीत. आपण ओळखून आणायचे.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, मी कामावर रुजू होण्याआधी दोनच दिवस, आम्ही महिन्याची खतावणी करत होतो. ‘आईंची औषधे’ या सासूबाईंच्या ओळीपुढे 690 होते. ऑगस्टमध्येही 700 च्या आतच होते. मी यांच्याकडे पाहिले, यांनी माझ्याकडे. औषधे हेच आणतात. आई म्हणाल्या होत्या की मागच्या गोळ्या शिल्लक आहेत, तेवढ्याच आण. मी आत जाऊन त्यांचा स्टीलचा डबा उघडला. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटावर त्यांनी वारांची खूण करून ठेवली होती, सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार. गुडघ्यांच्या गोळ्यांचे पाकीट रिकामे होते. आमचे दोघांचे ते रविवारचे वाचन त्या स्वयंपाकघरातून ऐकत होत्या, कुठे किती कमी पडते आहे हे त्यांना कळत होते, आणि माझ्या गोळ्यांची ओळ परत आली त्याच महिन्यापासून त्यांच्या गोळ्या अर्ध्या झाल्या होत्या.

हे त्याच वेळी पावसात जाऊन राहिलेल्या 610 रुपयांची औषधे घेऊन आले. आईंनी पाकीट हातात घेतले आणि मुलीला दूध पाजायची वेळ झाली का, एवढेच मला विचारले. मी त्यांना रागावले. त्यांच्यावर मी पहिल्यांदाच आवाज चढवला होता आणि बोलता बोलता मला रडू आले. 690 च्या खाली मी 610 लिहिले आणि 1,300 ची बेरीज केली.

1 ऑक्टोबरला मी मिलमध्ये रुजू झाले. वही अजून चालू आहे, पण रविवारी ती आता आम्ही तिघे मिळून वाचतो. आईंना वाचायला वेळ लागतो. त्या चष्मा लावतात, नात मांडीवर घेतात आणि पानावरून बोट वरून खाली नेतात. औषधांपर्यंत आल्या की त्यांचे बोट थांबते. आधी त्या माझी ओळ शोधतात.